निळ्यात न बुडलेली चाळण

कार्यालयात त्यांना सगळे निळेमामा म्हणत. खरं आडनाव वेगळं होतं, पण ते पगाराच्या कागदापुरतं. एरवी कुणाला आठवत नसे आणि खुद्द मामांनाही कधी कधी क्षणभर थांबावं लागे. एकतीस वर्षं एकाच हौदापाशी उभं राहून या माणसाने दगड धुतले होते, आणि त्यापायी उजव्या हाताची तीन बोटं दुसऱ्या पेरापर्यंत निळी झाली होती. साबण, लिंबू, रॉकेल, बायकोचे टोमणे, सगळे उपाय करून झाले. निळं काही हटलं नाही. शेवटी बायकोने त्यांचा टॉवेल वेगळा काढला आणि विषय संपवला.

दगड धुतो म्हटल्यावर नवखा माणूस हसतोच. हसू द्या. गाळाचा दगड म्हणजे मुळात समुद्राच्या तळाशी साचलेला चिखल, वरच्या भाराने दाबून घट्ट झालेला. मामा तो फोडायचे, भिजवायचे, सोडा घालून उकळायचे, आणि त्याचा पुन्हा चिखल झाला की बारीक चाळणीवर नळाखाली धुवायचे. माती वाहून जायची आणि चाळणीवर चिमूटभर कण उरायचे. त्या कणांत शिंपले असत. रव्याच्या दाण्याहून लहान, नुसत्या डोळ्यांना धड न दिसणारे, पण सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक जातीची घडण निराळी. कुठली जात जगात केव्हा आली आणि केव्हा संपली, हे जाणकारांनी पिढ्यान् पिढ्या खपून लावून ठेवलेलं आहे. शिंपला ओळखता आला की दगडाचं वय सांगता येतं. म्हणजे मामांनी एकतीस वर्षांत कोट्यवधी वर्षं नळाखाली धुतली होती, आणि त्याबद्दल त्यांची पाठ कुणी थोपटली नव्हती.

आता त्या बोटांचं कारण. चाळणीची जाळी इतकी बारीक की एका दगडातला शिंपला तिच्यात अडकून बसतो आणि पुढच्या दगडात जाऊन पडतो. तसं झालं की वयाचा सगळा खेळखंडोबा. म्हणून दर धुण्यानंतर चाळण घासायची आणि मग निळ्या रंगाच्या पातेल्यात बुडवायची. काही अडकलेलं असलंच तर ते निळं होतं. पुढच्या दगडात निळा शिंपला दिसला की तपासणाऱ्याने समजायचं, हा आधीच्या घरचा पाहुणा. उचलायचा आणि बाजूला ठेवायचा. चाळण बुडवून झाली की मामांनी रजिस्टरात 'निळे' नावाच्या रकान्यात एक खूण करायची. साधं काम, पण त्यावर सगळ्या इमारतीची अब्रू उभी होती.

शिंपले तपासणाऱ्या बाई मामांपेक्षा वीस वर्षांनी लहान आणि हुद्द्याने चार पायऱ्या वर. त्या मामा म्हणायच्या ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. हक्काने डाफरायच्या आणि मामांना ताप आला की घरी फोनही करायच्या. आठ वर्षं त्या एका टेकडीच्या मागे लागल्या होत्या. शहराबाहेरची करड्या दगडाची टेकडी, वय सहा कोटी वर्षं असं पुस्तकात छापलेलं. बाईंचं म्हणणं, एवढं नाही. जुने शिंपले तिच्यात खच्चून भरलेत हे खरं, पण ते आणखी जुन्या दगडातून झिजून, वाहून आलेले असू शकतात. वरिष्ठांनी त्यांना वेड्यात काढलं होतं. "बायका स्वतःचं वय कमी सांगतात, या टेकडीचं सांगतात," हा शिळा विनोद आठ वर्षं चहाच्या टेबलावर चालू होता आणि दर वेळी तीच माणसं हसत होती.

"मामा, माळ्यावरच्या ट्रंकेत तळाला वर्तमानपत्रं घालतात ना?" बाईंनी एकदा समजावलं होतं. "समजा, त्यात दहा पानं तीस वर्षांपूर्वीची आहेत आणि एकच गेल्या वर्षीचं. ट्रंक भरली केव्हा?"

"गेल्या वर्षी. किंवा त्यानंतर."

"दहा जुनी पानं असूनही?"

"जुनी रद्दी घरात पडलेली असतेच की, बाई. पुढच्या सालचा पेपर कुठून आणणार?"

"मग झालं तर. मला टेकडीत गेल्या वर्षीचं ते एक पान हवंय."

सहा महिन्यांपूर्वी ते पान मिळालं. टेकडीत खोल छिद्र पाडून दगडाचा लांब दांडा काढला होता. तो उभा चिरून अर्धा कोठीत पेटीबंद ठेवला आणि उरलेल्या अर्ध्याचे तुकडे एकेक करून मामांकडे धुवायला आले. त्यातल्या एका तुकड्यात जुन्या शिंपल्यांच्या गर्दीत एकच वेगळा निघाला, दुधासारखा पांढरा, आणि ती जात जगात आली तीच मुळी चार कोटी वर्षांपूर्वी. बाई चष्मा डोक्यावर विसरून, चष्मा शोधत हौदापर्यंत धावत आल्या होत्या. त्या दिवशी त्यांनी मामांना स्वतःच्या हाताने चहा करून पाजला. साखर घालायची राहिली, पण मामांनी तो चाटूनपुसून संपवला.

लेख एका मोठ्या नियतकालिकाकडे गेला, आणि मंगळवारी तिथल्या परीक्षकाचं पत्र आलं. बाई ते नाचवतच हौदापाशी आल्या.

"विचारतोय काय, तर या तुकड्याच्या आधी त्या चाळणीवर काय धुतलं होतं!"

"काय धुतलं होतं?" मामांनी विचारलं.

"मी रजिस्टर बघितलं. खाणीतला तो पिवळा, मऊ दगड. आणि त्यात याच जातीचे शिंपले पोत्याने भरलेत. म्हणजे त्याला वाटतंय, माझा शिंपला तिथूनच आला असेल." बाई हसल्या. "पण पुढच्याच रकान्यात तुमची खूण आहे. चाळण निळ्यात बुडवली होती. तिथून आला असता तर निळा नसता का झाला? माझा तर पांढराफटक! एका ओळीत तोंड बंद. तुम्ही फक्त यावर सही करा."

कागदावर तारीख होती आणि खाली एक वाक्य: या दिवशी, या दोन नमुन्यांच्या मध्ये, चाळण मी रंगात बुडवली होती.

"आणि लेखाच्या शेवटी आभारात तुमचं नाव घातलंय. खरं नाव. ऑफिसातून शोधून आणलं."

मामांनी तारीख वाचली, मग पुन्हा एकदा वाचली. तो गुरुवार होता.

"चष्मा घरी राहिला, बाई," ते म्हणाले. "उद्या करतो." चष्मा त्यांच्या खिशातून अर्धा बाहेर आलेला होता. पण आनंदात असलेल्या माणसाला समोरचं दिसत नाही. बाई मान डोलवून निघूनही गेल्या.

मामांनी पायाने हौदाखालची बादली जरा सरकवली. फरशीच्या सांध्यांत हाताएवढा निळा डाग होता, सहा महिने बादलीखाली झाकलेला. त्या गुरुवारी पिवळा दगड धुऊन झाल्यावर त्यांनी पातेल्यातला जुना रंग ओतून टाकला होता आणि नवा करायला बाटली उचलली होती. हात ओले. बाटली निसटली आणि फुटली. अर्धा तास फरशी पुसण्यात गेला. नवी बाटली मागायची तर स्टोअरवाल्याचे तीन अर्ज, वर फुटल्याचा खुलासा. रंग येणार सोमवारी. इकडे बाई दोनदा दारात येऊन गेलेल्या, "मामा, टेकडीचा तुकडा आजच द्या हं." मग मामांनी चाळण ब्रशने घासली, जोराच्या धारेखाली धरली, एकदा नाही, तीनदा. उजेडात धरून भोक अन् भोक पाहिलं. आणि टेकडी धुवायला घेतली.

आणि ती खूण? खूण सकाळचीच होती. मामांची पद्धत अशी, की आल्या आल्या कोरड्या हाताने दिवसभराच्या नमुन्यांची नावं रजिस्टरात लिहायची आणि त्याच दमात 'निळे'च्या रकान्यात वरून खाली खुणा ओढून ठेवायच्या. नोकरीच्या पहिल्या वर्षी पानांवर निळे ठसे उमटले म्हणून तेव्हाच्या साहेबांनी त्यांना चारचौघांत फैलावर घेतलं होतं. तेव्हापासून ही युक्ती. निळं तर करणारच होतो, मग खूण सकाळी काय आणि संध्याकाळी काय! एकतीस वर्षांत एकदाच ती खूण खोटी ठरली होती, आणि नेमकी त्याच ओळीवर टेकडी येऊन बसली होती.

घरी बायको शिवणयंत्रापाशी होती. ती लोकांचे कपडे घट्टसैल करून द्यायची आणि तोंडात टाचण्या धरूनही स्पष्ट बोलायची.

"काय झालंय?"

"काही नाही."

"काही नाही म्हणायला इतका वेळ लागत नाही."

मामांनी सांगून टाकलं. सांगताना आपण चाळण किती घासली यावरच त्यांचा जास्त भर होता.

"चाळण स्वच्छ होती ना?" तिने विचारलं.

"तीनदा धुतली."

"ते कळलं. स्वच्छ होती का?"

"असणारच."

तिने तोंडातल्या टाचण्या काढून डबीत ठेवल्या. "मग करा सही."

मामांनी निळी बोटं मुठीत घेतली. मग म्हणाले, "अगं, पाच महिने उरलेत निवृत्तीला. एकतीस वर्षांत माझ्या कामात कुणी खोट काढलेली नाही. आता जाताना खोटी खूण करणारा म्हणून जाऊ? आणि त्या पोरीची आठ वर्षं? तिचं काय?"

"तिचं काय, ते तिला ठरवू दे. तुम्ही कोण ठरवणार?" तिने मांडीवरचं जाकीट उलटं केलं आणि शिवण उसवायला घेतली. "हे बघा, माप चुकलं की मी उसवते. यंत्रावर आहे तोवर उसवता येतं. गिऱ्हाईक घालून चारचौघांत गेलं की मग काही करता येत नाही."

"तुझं कापड आहे. माझी अब्रू आहे."

"मग अब्रू शिवायला टाका माझ्याकडे," ती म्हणाली, पण आवाजात चेष्टा नव्हती. त्या रात्री मामांना झोप लागली, याचंच त्यांना सकाळी नवल वाटलं. निर्णय झालेला होता, आणि भीती तेवढी शिल्लक होती.

सकाळी बाई यायच्या आत ते त्यांच्या दारात उभे होते. "जरा हौदापाशी येता?" म्हणाले. तिथे पोचल्यावर त्यांनी बादली उचलून बाजूला ठेवली आणि डाग दाखवला. मग गुरुवार सांगितला, बाटली सांगितली, सकाळची खूण सांगितली. नजर पूर्ण वेळ फरशीवर.

बाईंनी वाकून डागावरून बोट फिरवलं.

"आठ वर्षं, मामा," त्या म्हणाल्या. "तुमच्या खुणेवर मी त्या माणसाला उत्तर लिहून मोकळी झाले असते. डोळे मिटून! सहा महिने तुम्ही बादली ठेवून बसलात?"

"त्या खुणेचं लक्षातच नव्हतं. शपथ घेतो. बाटली फुटली ते लपवलं, खूण नाही लपवली. आणि बाई, चाळण स्वच्छ होती. तीनदा घासली. माझ्या चाळणीत कधी काही राहत नाही, एकतीस वर्षांत एक तक्रार नाही."

बाई तडक निघून गेल्या. मामांना वाटलं, संपलं. पण त्या परत आल्या, हातात औषधाची एक छोटी काचेची बाटली. ती त्यांनी मामांच्या समोर उजेडात धरली. तळाशी बोटभर उंचीची पूड होती, गडद निळी.

"हे काय?"

"पाहुणे," बाई म्हणाल्या. "दर नमुन्यात दोन-चार निघतात. फेकवत नाहीत, सुंदर दिसतात, म्हणून साठवले. आठ वर्षांचे आहेत."

मामा बाटलीकडे बघत राहिले. एवढे! आपल्या चाळणीतून! एकतीस वर्षं ज्या गोष्टीवर छाती पुढे काढून चाललो, ती मुळात नव्हतीच, आणि वर बसलेल्या माणसांना ते रोज दिसत होतं. त्यांना लाज वाटली, मग रागही आला.

"कधी बोलला नाहीत!"

"बोलायचं काय त्यात? कुणीही धुतलं तरी राहतातच. म्हणून तर निळं करायचं, मामा. मला वाटलं, तुम्हाला ठाऊक आहे."

दोघंही हौदाच्या काठावर टेकून उभे राहिले. नळ ठिबकत होता. शेवटी मामांनी तो पिळून बंद केला आणि म्हणाले, "कोठीत दुसरा अर्धा आहे ना टेकडीचा? तेवढ्याच खोलवरचा?"

"आहे."

"मग पुन्हा धुऊ. अगदी त्या दिवशीसारखं. आधी तो पिवळा दगड, त्याच चाळणीवर. मग तशीच तीनदा घासायची. मग या वेळी निळं. आणि मग टेकडी. माझ्या हातून काय सुटतं तेही दिसेल आणि टेकडीत काय आहे तेही." ते थांबले. "धुवायला मात्र दुसरं कुणी बघा."

"का?"

"माझ्या खुणेवर आता कुणी विश्वास ठेवायचा?"

"माझा कालच्यापेक्षा जास्त आहे," बाई म्हणाल्या.

"माझा कमी आहे," मामा म्हणाले.

"मग नीट धुवाल. घ्या."

मामांनी धुतलं. पिवळा दगड धुतला, चाळण घासली, आणि घासताना जितका जीव ओतता येईल तितका ओतला. निळ्यात बुडवली. टेकडीचा तुकडा धुतला, वाळवला आणि पुडी बाईंच्या टेबलावर ठेवून आले. त्यानंतरचे चार दिवस बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या नाहीत असं म्हटलं तरी चालेल. एकेक कण त्या बारीक ब्रशाच्या टोकाने उलटापालटा करून पाहत होत्या. मामा काही ना काही निमित्त काढून दारावरून जात. त्या जातीचा पांढरा निघाला तर बाईंची टेकडी शाबूत. निळा निघाला तर मामांची चाळण गेली. मामांनी मनातल्या मनात चाळण केव्हाच सोडून दिली होती; पांढरा निघू दे, एवढंच ते घोकत होते.

चौथ्या दिवशी दुपारी बाईंनी हाक मारली. "बसा," म्हणाल्या आणि स्वतःची खुर्ची दिली. एकतीस वर्षांत मामा त्या खुर्चीवर कधी बसले नव्हते. त्यांनी चष्मा काढला, डोळा भिंगाला लावला. आधी नुसता धूसर उजेड, मग काळी तबकडी, आणि तबकडीच्या मधोमध तीन शिंपले. गोल, कप्प्याकप्प्यांचे, एका कप्प्याला बिलगून पुढचा थोडा मोठा कप्पा, असं वळण घेत गेलेले. गर्द निळे.

"हा रंग आपला?"

"तुमचा. आणि जात तीच, पिवळ्या दगडातली."

मामांनी डोळा काढला नाही. इतकी वर्षं त्यांनी निळं केलं, पण निळा झालेला शिंपला आज पहिल्यांदा पाहत होते. "आणि पांढरा?" त्यांनी तसंच विचारलं.

"नाही. शेवटच्या कणापर्यंत नाही."

"पण पहिला कदाचित खराच असेल. टेकडीचाच."

"असेलही. कदाचितवर वय छापता येत नाही, मामा."

मामांना एकदम भरून आलं. "माफ करा, बाई. ती बाटली नीट धरली असती तर..."

"रडायचं असेल तर खुर्ची मागे घ्या, भिंग ओलं होईल," बाई म्हणाल्या, आणि मग स्वतःच खिडकीकडे तोंड करून नाक पुसत उभ्या राहिल्या. आठ वर्षं म्हणजे थोडी नव्हेत.

संध्याकाळी त्यांनी लेख मागे घेतल्याचं पत्र मामांपुढे ठेवलं. मामांनी या वेळी चष्मा खिशातून काढला आणि सावकाश वाचलं. त्या दिवशी चाळण रंगात बुडवलेली नव्हती. रजिस्टरातली खूण आधी केलेली होती. पुन्हा धुतल्यावर तो शिंपला दगडात मिळाला नाही. तेव्हा टेकडीचं वय कमी आहे असं म्हणायला आज आमच्याकडे पुरावा नाही. आणि सगळ्यात खाली एक ओळ होती: ही गोष्ट कुणी न विचारता स्वतःहून सांगितल्याबद्दल आभार, आणि पुढे एक नाव. ते नाव कुणाचं हे कळायला मामांना एक क्षण लागला.

"लेख गेला, आभार तेवढे राहिले," ते म्हणाले.

"सही करा," बाई म्हणाल्या. त्यांनी केली.

दुसऱ्या दिवशी हौदापाशी एक नवी पेटी येऊन पडली होती. वर चिठ्ठी होती: टेकडी, आणखी वीस मीटर खाली. मामा स्वतःशीच हसले. ही बाई पिच्छा सोडणारी नव्हे. त्यांनी रजिस्टर उघडलं, कोरड्या हाताने नमुन्याचं नाव लिहिलं, आणि हात सवयीने पुढच्या रकान्याकडे निघाला तो मागे घेतला. रकाना रिकामा ठेवला. दगड फोडला, भिजवला, उकळला, धुतला. चाळण घासली आणि निळ्यात बुडवली, आणि ती पूर्ण निथळेपर्यंत हातात धरून उभे राहिले. मग तसेच ओल्या हातांनी रजिस्टरापाशी गेले आणि पेन उचलून खूण केली. पानावर तीन बोटांचे निळे ठसे उमटले. ते त्यांनी पुसले नाहीत.